डोळे मिटा, मॅडम

वर्षाली आज बांगड्या काढून आली होती. हे आधी कानांना कळलं. दाराशी चपला निघाल्या, पर्स सोफ्यावर पडली, बेसिनच्या नळाखाली हात धुतले गेले, आणि या सगळ्यात रोजची बारीक किणकिण कुठेच नव्हती. ती खोलीत आली तेव्हा चारुशीलाबाईंनी चष्मा नीट बसवला आणि खातरजमा करून घेतली. तिच्या उजव्या मनगटात रोज हिरव्या काचेच्या बांगड्या असत, त्यांच्या मागेपुढे एकेक पितळेची. आज मनगट उघडं होतं. बांगड्यांच्या जागी कातडीवर फिकट पट्टा तेवढा दिसत होता. "गुड मॉर्निंग मॅडम," ती म्हणाली, कूलरचं तोंड जरासं भिंतीकडे वळवलं आणि स्टूल ओढून बसली. रोजच्यासारखंच. चारुशीलाबाईंनी मान हलवली. पण त्यांचा अंदाज चुकला होता. खाली पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि तिथे पायरी नसावी, तसा. कुणी सांगितलं हिला?

सांगण्यासारखं जे होतं ते त्यांनी तर कुणाजवळच काढलं नव्हतं. माघात, अमरावतीच्या आपल्या घरी चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, आणि तिथून ईशान, त्यांचा मुलगा, त्यांना थेट अकोल्याला आपल्या घरी घेऊन आला. जुन्या शहरातलं घर, दुसरा मजला, मागच्या खिडकीतून मोर्णा दिसते, म्हणजे तिच्यावर पसरलेली जलकुंभी दिसते. होळीपर्यंत वाचा सुधारली. पाडव्याला त्या काठी न घेता गॅलरीपर्यंत चालत गेल्या. हात उचलला जाऊ लागला, मूठ वळू लागली, आणि अबोलीनं, सुनेनं, शेजारणींना बोलावून तो हात दाखवला. सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांनी नवल केलं. पण त्या हाताचं दुखणं पाहून कळणारं नव्हतं. तो हलत होता, पण कुठे आहे ते चारुशीलाबाईंना कळत नव्हतं. नजर त्याच्यावर असेतो तो शहाण्यासारखा वागे, पेला धरी, पदर सारखा करी. नजर हलली की पेला कधी सुटला ते फरशीवर आवाज झाल्यावर समजे. पहाटे जाग आली की तो पाठीखाली दबलेला सापडे आणि क्षणभर वाटे, अंथरुणात आपल्याखेरीज आणखी कुणी आहे.

याची परीक्षा अगदी साधी असते. पेशंटनं डोळे मिटायचे. आपण त्याचं एक बोट दोन्ही कडांनी धरायचं आणि हलकेच वर न्यायचं नाहीतर खाली. पेशंटनं सांगायचं, वर की खाली. धडधाकट माणसाला यात परीक्षा ती कसली, असं वाटतं. चारुशीलाबाईंनी ही परीक्षा उभ्या जन्मात किती जणांची घेतली त्याला गणती नव्हती. अमरावतीत फिजिओथेरपी हा शब्द लोकांना उच्चारता येत नसे आणि दारावरची पाटी वाचून माणसं 'मालिशवाल्या बाई आहेत का घरात' असं विचारत, तेव्हापासून त्या ती घेत आल्या होत्या. वर्षाली घरी व्यायाम करून घ्यायला येऊ लागली आणि स्वतः परीक्षा द्यायची वेळ आली, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांना कळून चुकलं की तिथे काही नाही. बोट वर गेलं काय, खाली गेलं काय, सारखाच अंधार. पण त्या अंधारात बांगड्या वाजत होत्या. बोट वर नेताना पोरीचं मनगट उचललं जाई आणि बांगड्या कोपराकडे घसरून गप्प होत. खाली आणताना त्या एकीमागून एक मनगटाच्या हाडावर येऊन पडत. ऐकायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. कान आपले आपण तिकडे वळले. 'खाली,' त्या म्हणाल्या, आणि बरोबर आलं. मग रोजच बरोबर येत गेलं. मधूनच एखादं उत्तर चुकवावं इतकं शहाणपण त्यांच्याजवळ होतं. सगळीच्या सगळी बरोबर देणाऱ्या पेशंटचा त्यांना स्वतःलाच संशय आला असता.

असं करायचं कारणही तसंच होतं. "वर्षाली हो म्हणू दे आई, दुसऱ्या दिवशी गाडी काढतो," ईशान म्हणाला होता. "ती म्हणेल तेव्हा. मी मधे नाही, अबोली मधे नाही." मधे नाही म्हणणारा माणूस नेमका कुठे उभा असतो ते चारुशीलाबाई लहानपणीच शिकल्या होत्या, वकिलाच्या घरात वाढल्या होत्या त्या. अमरावतीच्या घराला कुलूप होतं. खाली दवाखान्याची खोली: भिंतीत पक्कं बसवलेलं खांद्याच्या व्यायामाचं चाक, शेकायचं मेण वितळवायचं भांडं, पाण्याच्या नळ्या जोडून लोहाराकडून करून घेतलेले चालायचे दोन कठडे. त्या कठड्यांमधून पोलिओची पोरं पायाला पट्ट्या बांधून चालायला शिकली, आणि मग तीच पोरं बापे होऊन आपापल्या आयांचे गुडघे दाखवायला आली. ती खोली आता कुठल्याशा शिकवणीवाल्याला हवी आहे, असं अबोली एकदा जेवताना सहज म्हणाली. "नुसती बंद पडून आहे ना आई. वाळवी लागते अशानं." सहजच. त्या दिवशी चारुशीलाबाईंनी उरलेला भात डाव्या हातानं संपवला, कारण उजव्या हातावर लक्ष ठेवणं जमलं नसतं. शिकवणीवाल्याला भिंतीतलं चाक कशाला लागेल? ते आधी निघेल. मग कठडे. आणि वर एकट्या राहणाऱ्या बाईच्या खोल्यांना तरी मग काय अर्थ. सगळं या पोरीच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि तो शब्द तिच्याकडून कोण काय सांगून वदवून घेतं आहे, कुणास ठाऊक.

"बांगड्या कुठं गेल्या गं आज?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हलका ठेवला.

"लय उकडून राहिलं ना मॅडम," वर्षाली म्हणाली. "घामानं चिपकतात." ती वरुडची, संत्र्याच्या बागवाल्यांची. मॅडमसमोर ती पुस्तकातलं बोलायला बघे, पण घाईत असली की वरुड बाहेर पडे.

दाराशी मनकर्णाबाई फरशी पुसत होती. तिला कुठल्याही संभाषणात बसायला जागा लागत नसे. "काहून वं, उकडते मनून कोनी बांगड्या काढते का?" ती म्हणाली. "मी बुढी झाली अकोल्याच्या उन्हात, माह्या नाई चिपकल्या कधी. लगन जुळलं का मोडलं तेवढं सांगून दे, म्हंजे बाईलेही बरं वाटीन."

"जुळलंही नाही न मोडलंही नाही मावशी. तुमी फरशी पुसा."

"पुसूनच राहिली मी. फरशी पुसाले तोंड थोडी लागते."

वर्षाली हसली, पण हसताना तिनं चारुशीलाबाईंकडे पाहिलं नाही. ते त्यांनी टिपलं. काचेच्या बांगड्या काही सहज निघत नाहीत, हाताला साबण लावावा लागतो, आई नको म्हणते, आजी तर म्हणतेच. उकाडा काही आज सुरू झाला नव्हता. वैशाख अर्धा सरला होता. आणि घड्याळ? डाव्या हातात धातूच्या पट्ट्याचं घड्याळ असायचं, त्याचीही एक टिचकी ऐकू येई, तेही आज नव्हतं. म्हणजे वाजेल असं काहीच अंगावर ठेवायचं नाही, असं ठरवून आलेली मुलगी. ठरवलं कधी? काल? काल जाताना तिला दाराशी वेळ लागला होता. रोजच लागतो. चपला घालायला माणसाला किती वेळ लागावा? चारुशीलाबाई इथे कॉटवर पडून ऐकत, अबोलीचा दबका आवाज, मग वर्षालीचा, मग पुन्हा अबोलीचा, शब्द मात्र एकही पोहोचत नसे. दाराशी काय बोललं जातं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पेशंटच्या कॉटजवळ 'आज बरं आहे' म्हणायचं, आणि चपला घालताना घरच्यांना खरं सांगायचं, ही सगळ्या दवाखान्यांची रीतच आहे. त्यांनीही तेच केलं होतं. 'पाय आता एवढाच राहील, पायऱ्या नसलेली खोली बघा.' 'बोटं येणार नाहीत, मुलीला लिहायला डावा हात शिकवा.' तेव्हा आत कॉटवर पडलेला माणूस आपल्या चपलांकडे कान लावून असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"तांदूळ," वर्षाली म्हणाली आणि तांदळाचं घमेलं मांडीशी ठेवलं. त्यात तिनं काहीबाही लपवलेलं असे, गोटी, बटण, पेनाचं टोपण. न बघता हातानं शोधायचं आणि ओळखायचं. चारुशीलाबाईंनी हात घातला. हात तांदळात बुडताना दिसला, मनगटापाशी नाहीसा झाला, आणि नाहीसा झाला तो झालाच. आत काहीतरी चाललं असावं असं वर हलणाऱ्या तांदळावरून वाटत होतं. फिजिओथेरपी शिकायला चारुशीलाबाई नागपूरला गेल्या तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. बापूसाहेबांना, वडिलांना, मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती. मार्क कमी पडले आणि कुणीतरी या नव्या कोर्सचं नाव सुचवलं. "म्हणजे तिथे शिकवतात तरी काय?" बापूसाहेबांनी विचारलं. चारुशीलेनं प्रामाणिकपणे सांगितलं, "हात लावायला शिकवतात." त्यावर बापूसाहेब जेवणाच्या पाटावरून उठून गेले होते. पण शिकवत ते खरोखरच तेच. मिस थॉमस म्हणून केरळच्या बाई होत्या, पांढरी साडी, उन्हाळ्यातसुद्धा पायात मोजे, आणि हिंदी अशी की प्रत्येक वाक्य पायरी उतरल्यासारखं एकेक शब्दानं खाली यायचं. कितीतरी दिवस त्यांनी पेशंट दाखवलाच नाही. स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटायच्या, टेबलावर ठेवायच्या, वर वहीचा कागद. बोटाच्या टोकानं केस शोधा. सापडला? आणखी एक कागद. आणखी एक. खानावळीत पोळी येईपर्यंत मुली पुस्तकाच्या पानांत केस घालून बसायच्या, डोळे मिटून, जणू जप चालला आहे. सगळ्यांत जास्त कागदांखालचा केस चारुशीलेच्या बोटाला लागे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला. मिस थॉमसनी ते बोट वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलं होतं.

"काय लागून राहिलं?" वर्षालीनं विचारलं.

"बटण."

बटण असेल असं त्यांना वाटलं होतं कारण काल गोटी होती. हात बाहेर आला तेव्हा बोटांत काहीच नव्हतं, थोडे तांदूळ होते. वर्षालीनं तेही टिपून घेतलं, डोळ्यांनी. "असू द्या," ती म्हणाली. 'छान' म्हणाली नाही. ही पोरगी छान म्हणतच नाही, हेही चारुशीलाबाईंना पहिल्यापासून खटकत होतं. त्या स्वतः छान म्हणत. छान, खूप छान, कालच्यापेक्षा बरं. लकवा मारलेल्या शेतकऱ्याची करंगळी थरथरली तरी छान. माणूस त्या शब्दासाठी उद्या परत येतो, आणि परत आला तरच करंगळीचं पुढे काही होतं. या आजकालच्या कॉलेजांत काय शिकवतात कोण जाणे, प्लास्टिकचा हात, मोबाइलवर व्हिडिओ. पण मग त्यांना आठवे, वर्षालीची पकड बरोबर आहे. बोट ती वरून-खालून धरत नाही, कडांनी धरते, म्हणजे दाब कुठल्या बाजूनं पडतो त्यावरून पेशंटला सुगावा लागू नये. असं धरायला सांगावं लागतं, आणि सांगूनही शंभरातल्या दोघी धरतात. म्हणजे पोरगी कच्ची नव्हती. आणि कच्ची नसलेली पोरगी इतके दिवस बांगड्या घालून ही परीक्षा घेत होती, ते कसं? की तिला पहिल्यापासून कळत होतं आणि ती मजा बघत होती? की तिला कुणी पढवलं होतं, आधी पास होऊ दे, बाई खूष राहील, व्यायाम करील, मग एक दिवस काढ बांगड्या? अबोलीला एवढं सुचणार नाही. ईशानला सुचेल. ईशान लहानपणी बुद्धिबळात असाच खेळायचा, प्यादी मारू द्यायचा.

वर्षालीनं घमेलं बाजूला सरकवलं, रुमालानं त्यांचा हात पुसला आणि तो कॉटच्या कडेच्या उशीवर ठेवला. हे सगळं चारुशीलाबाईंनी पाहिलं. हात पुसला जाताना पाहिलं नसतं तर पुसला गेला हे कळलं नसतं. "डोळे मिटा, मॅडम."

"थांब. पाणी दे आधी."

पाणी आलं. त्यांनी ते डाव्या हातानं घेतलं, घोट घोट, वेळ काढत. खिडकीबाहेर पलीकडच्या काठावर कुणीतरी रिक्षाचा भोंगा सारखा दाबत होतं. वर्षाली थांबली होती. तिला घाई नव्हती, आणि तिला घाई नसावी हेही संशयास्पद होतं. रोज तिला इथून पुढे दोन घरं करायची असतात.

"मिटा."

त्यांनी डोळे मिटले. पापण्यांच्या आत आधी तांबूस उजेड होता, मग वर्षालीनं बहुधा खिडकीचा पडदा ओढला, कारण तोही गेला. आता कूलरची घरघर, त्याच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि त्याखाली काही नाही. उजवा हात कोणत्या दिशेला आहे तेही हरवलं. अंग खांद्यापाशी संपत होतं. पण चारुशीलाबाई साधीसुधी पेशंट नव्हत्या. बांगड्या नसल्या तरी स्टूल होतं, वर्षाली वाकली की त्याचा एक पाय करकरायचा. तिच्या केसांना खोबरेल असायचं, ती पुढे झुकली की वास जवळ यायचा. आणि परीक्षा घेणाऱ्याच्याही सवयी असतात, पहिल्यांदा बहुतेक जण वरच नेतात. "वर," त्या म्हणाल्या. बरोबर की चूक ते वर्षाली कधीच सांगत नसे, सांगायचं नसतंच. स्टूल करकरलं. "खाली." खोबरेलाचा वास किंचित दूर गेला. "वर." मग पुन्हा वर असेल, लागोपाठ दोनदा एकच घेतात, पेशंट पाळीपाळीनं बोलतो की काय ते बघायला. "वर." त्यांना आता जमू लागलं होतं. बांगड्यांवाचूनही जमत होतं. एक विलक्षण हुशारी त्यांच्या अंगात चढली, नागपूरच्या त्या टेबलापाशी कागदांची चळत वाढत असताना चढायची तशी. अमरावतीच्या घराचं कुलूप, दवाखान्याच्या खोलीतला मेणाचा वास, सकाळी बाकावर येऊन बसलेली माणसं. "सांगा," वर्षाली म्हणाली. स्टूल वाजलं नव्हतं, पण सगळ्याच वेळी वाजतं असं नाही. त्यांनी वाट पाहिली. काहीतरी लागलं. हो, लागलंच, अगदी पुसट, मधल्या बोटाच्या टोकाला, पुष्कळ कागदांखालून आल्यासारखं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"खाली," त्या म्हणाल्या. "वर्षाली, खाली. हे मला खरंच लागलं."

कूलर घरघरत होता. चारुशीलाबाईंनी डोळे उघडले. उजवा हात उशीवर एकटाच पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. वर्षाली स्टुलावर ताठ बसली होती आणि तिचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते, एकमेकांत गुंतवलेले.

मिस थॉमस शिकवायच्या तेच. बीच में एक बार कुछ मत करो. हाथ मत लगाओ. फिर पूछो. कोरी खेप. चारुशीलाबाईंनी किती पेशंटना असं कोऱ्या खेपेला पकडलं होतं; पेशंट खोटारडे म्हणून नव्हे, माणसाला आपलं बोट हवं असतं म्हणून. अशी खेप येणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं. आणि तरी त्यांना ते लागलं होतं. अजूनही, या क्षणीसुद्धा, बोटाच्या टोकाला ते लागत होतं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"झाले चार-पाच दिवस." वर्षालीचा आवाज लहान झाला होता. "तुमचं उत्तर बांगड्या थांबल्यावर यायचं मॅडम. आधी मले वाटलं, तुमी विचार करून सांगता. मग एक दिवस मी बांगड्या वर ढकलून घट्ट बसवल्या होत्या, त्या दिवशी तुमचे सगळेच चुकले."

"आणि उकाडा?"

"खोटं बोलली मी. तुमाले सांगू तरी कसं? कॉलेजात आमच्या सरांनी तुमचं नाव घेऊन शिकवलं आम्हाले. पयल्या दिवशी इथं आली तर तुमचा हात धरायचंही भेव वाटलं."

"दाराशी काय बोलता रोज? तू नि अबोली?"

"वयनी विचारतात, आई आज चिडल्या का. जेवतात का नीट. आणखी काय बोलणार?"

"ईशाननं नाही पढवलं तुला?"

"काय पढवणार मॅडम? दादाले तर वाटते तुमी पुढच्या आठवड्यात जाता." तिनं गुंतवलेली बोटं सोडवली. "मीच त्याले तसं म्हटलं होतं, आधी. बांगड्यांचं समजायच्या आधी."

हे खरं होतं की नव्हतं? चारुशीलाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, इतकी वर्षं माणसांचे चेहरे पाहिले तसं, कुठे दुखतं ते तोंडानं सांगत नाहीत अशा माणसांचे. काही सापडलं नाही. पोरगी खरं बोलत असेल. पढवलेली असेल. दोन्ही असेल. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की ते आपल्याला कळणार नाही, आणि न कळून चालेल.

"येईल का गं?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी कुणाला कधी विचारलं नव्हतं. हा प्रश्न नेहमी समोरच्या कॉटवरून येत असे.

वर्षालीनं ओठ दाबले. "मले माहीत नाही मॅडम."

बाहेर चपलांचा आवाज झाला आणि ईशान दारात आला. विद्यापीठात जायला निघाला होता, शर्ट इस्त्रीचा, कपाळावर आत्ताच घाम. "काय वर्षाली, काय म्हणते आमची परीक्षा?" तो म्हणाला. "मी आज सुट्टीचं बोलून येतो. रविवारी काढायची का गाडी? आई, घर झाडून घ्यायला सांगू ना तिकडे?" तो हसत होता. त्याच्या हसण्यात चारुशीलाबाईंनी काही शोधून पाहिलं, सवयीनं. वर्षाली ईशानकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडेही बघत नव्हती, खाली फरशीकडे बघत होती, मनकर्णाबाईनं पुसलेल्या फरशीवरचे ओले पट्टे वाळत होते तिकडे. ती बोलणार नव्हती. चारुशीलाबाईंना ते लख्ख कळलं: ही पोरगी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आत्ता त्यांनी 'सांग त्याला' एवढं म्हटलं तर ती मान खाली घालून बसेल, ईशान तिचा होकार धरेल, आणि रविवारी संध्याकाळी त्या आपल्या घराचं कुलूप उघडतील. डाव्या हातानं. आत जातील, दिवा लावतील, चहा ठेवतील. शेगडीपाशी उभ्या राहतील, खिडकीतून गल्लीत कोण चाललं ते बघतील, आणि तेवढ्यात उजवा हात कुठे असेल?

त्यांनी पाठ सरळ केली. पाय कॉटवरून खाली सोडले आणि जमिनीवर टेकवले.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हात उचलला जातो, मूठ वळते, हे तुम्हाला दिसतंच आहे. पण पेशंटला हात कुठे आहे ते कळत नाही. बघत असेल तेवढा वेळच धरून ठेवता येतं. गॅसवर पडला तर कातडीचा वास आल्यावर समजेल. रोज विचारलंत तर पेशंट रोज बरं आहे म्हणेल, त्यावर जाऊ नका. एकटं ठेवू नका. तिच्या घरी तर मुळीच नाही."

ईशानचं हसू तसंच राहिलं, आत रिकामं झालेलं. तो आईकडून वर्षालीकडे, वर्षालीकडून आईकडे बघत राहिला. "आई," तो म्हणाला, "कोणत्या पेशंटचं बोलते आहेस तू? आणि मला अहो-जाहो काय करतेस?"

वर्षाली स्टुलावरून पुढे झाली आणि उशीवरचा तो हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट. चारुशीलाबाईंना ते दिसलं.